प्रत दिली नाही, तरी कोड द्या

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं आणि मालसाठ्याचं मुक्त सॉफ्टवेअर. समजा, पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या एखाद्या राईस मिलवाल्याने ते भाड्याच्या सर्व्हरवर घेतलं. धानाची आवक, बारदाना, गाडीभाडं सगळं ब्राउझरमध्ये भरलं जातं. आता सर्व्हरवाल्याने आतला कोड बदलला, तर तो मिलवाल्याला मागता येईल? नाही. ईआरपीनेक्स्टचं लायसन्स जीपीएल ३ आहे आणि त्याची कोड देण्याची अट प्रत दुसऱ्याच्या हाती गेल्यावरच लागते. इथे प्रत कुठेच गेलेली नाही. फ्रॅपेच्याच सीआरएम सॉफ्टवेअरला एजीपीएल हे लायसन्स आहे. तिथे मात्र कोड द्यावा लागतो.

ही पळवाट बुजवण्याचा पहिला प्रयत्न २००२चा. हेन्री पूल यांच्या अफेरो कंपनीने ब्रॅडली कून यांच्या कल्पनेवरून जीपीएलला एक जादा कलम जोडून एजीपीएल तयार केलं. पुढे १९ नोव्हेंबर २००७ रोजी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने एजीपीएल ३ आणलं. त्याचं कलम १३ सांगतं: प्रोग्रॅम बदलून नेटवर्कवर चालवत असाल, तर वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स कोड मिळण्याची सोय ठेवा.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मंडळींना हे सहज पचलं नाही. मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं, याचे त्यांचे नियम १९९७चे. नुसता प्रोग्रॅम चालवणाऱ्यावर असा बोजा टाकणं म्हणजे वापरावरच बंधन, असा आक्षेप निघाला. अशा वादात एक कसोटी नेहमी पुढे येते: निर्जन बेटावर अडकलेल्या माणसालाही लायसन्स पाळता आलं पाहिजे. खरं तर एजीपीएल इथे अडत नाही. बेटावर नेटवर्कच नाही, तर कोड मागणार कोण? शिवाय अट फक्त बदल करणाऱ्यावर आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये डेबियनने एजीपीएल नियमात बसतं असा निर्णय दिला. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने त्याच वर्षी मार्चमध्येच मान्यता दिली होती.

मग चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अटींमधली रेषा नेमकी कुठे? ती मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने ओलांडून दाखवली. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने एजीपीएल सोडून स्वतःचं एसएसपीएल लिहिलं. त्यानुसार, हा डेटाबेस सेवा म्हणून विकणाऱ्याने देखरेख, बॅकअप, होस्टिंग अशा भोवतालच्या सगळ्या प्रोग्रॅमांचाही कोड खुला करायचा. डेबियनचा नववा नियम म्हणतो, एका प्रोग्रॅमच्या लायसन्सने शेजारच्या प्रोग्रॅमवर अटी लादू नयेत. डेबियनने मोंगोडीबी वगळलं, आणि ते योग्यच झालं.

नंतर परतीची वाटही दिसली: २०२४ मध्ये एसएसपीएलच्या वाटेने गेलेल्या रेडिस या डेटाबेसने मे २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीपासून एजीपीएलचा पर्याय दिला.