एका पडद्यावर दोन खिडक्या : स्मार्टफोनमधील बहुखिडकी-योजनेचा पूर्वेतिहास

१

स्मार्टफोनच्या पडद्याच्या कोपऱ्यात एखादी चित्रफीत चालू ठेवून उरलेल्या जागेत पत्र वाचणे, अथवा पडद्याचे दोन भाग करून एकात ग्रंथ व दुसऱ्यात टिपणवही उघडणे, ह्या गोष्टी आता नित्याच्या झाल्या आहेत. पहिल्या सोयीस 'पिक्चर-इन-पिक्चर' व दुसरीस 'स्प्लिट स्क्रीन' अशी नावे रूढ असून, 'मल्टि-विंडो' ह्या व्यापक संज्ञेत दोहोंचा अंतर्भाव होतो. ह्या सोयींचा इतिहास सामान्यतः असा सांगितला जातो : प्रारंभीचे फोन दुर्बळ होते, त्यांची स्मृती तोकडी होती, पुढे यंत्रे समर्थ झाली आणि एका खिडकीच्या जागी दोन आल्या.

हे कथन सोपे आहे. परंतु कालक्रमाशी ताडून पाहिले असता त्यातील उणीव ध्यानात येते. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या आल्टो ह्या संगणकाची मूळ स्मृती १२८ किलोबाइट होती, आणि त्याच्या पडद्यावर अनेक खिडक्या उघडत. २००७ साली विक्रीस आलेल्या पहिल्या आयफोनची स्मृती १२८ मेगाबाइट, म्हणजे आल्टोच्या सुमारे हजारपट होती. तथापि त्यावर एका वेळी एकच ॲप दिसे. ज्या अर्थी हजारपट समर्थ यंत्रावर खिडक्या नव्हत्या, त्या अर्थी प्रश्न केवळ सामर्थ्याचा नव्हता हे उघड आहे. वापरणाऱ्याच्या डोळ्यांपुढील जागेची मांडणी कोणी करावयाची, हा ह्या इतिहासाचा खरा प्रश्न होय. यंत्रसामर्थ्याची कारणे त्यास वेळोवेळी जोडली गेली; त्यांतील काही खरी होती, तर काही कारण नाहीसे झाल्यावरही टिकून राहिली.

२

फोनवरील दुसऱ्या खिडकीस दोन निरनिराळ्या परंपरा येऊन मिळाल्या आहेत. त्यांतील पहिली वाचनाची व लेखनाची. व्हॅनिव्हर बुश ह्यांनी जुलै १९४५ मध्ये 'अटलांटिक मंथली' ह्या मासिकात एका काल्पनिक वाचनयंत्राचे वर्णन केले. 'मेमेक्स' असे नाव दिलेल्या ह्या मेजावर शेजारी शेजारी दोन पडदे कल्पिले होते. एका लेखाशी दुसरा लेख जोडून ठेवावयाचा, तर दोन्ही एकाच वेळी दृष्टीसमोर हवेत, हे त्यामागील सूत्र होते. पुढे डग्लस एंगलबार्ट ह्यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत आपल्या संगणकप्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. सुमारे ३० मैलांवरील मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने चित्र आणले होते. पडद्याच्या एका भागात सहकाऱ्याचा चेहरा व उरलेल्या भागात दोघांच्याही समोर असलेला मजकूर, असे ते दृश्य होते. आजच्या व्हिडिओ-संभाषणाची मांडणी स्थूलमानाने तीच आहे.

दुसरी परंपरा दूरचित्रवाणीची. एका चालत्या चित्रात दुसरे चालते चित्र बसविणे वरवर पाहता सुलभ वाटते. परंतु दोन कॅमेऱ्यांची चित्रे एकाच लयीत रेखली जात नाहीत. म्हणून दुसरे चित्र प्रथम अंकरूपात साठवून, लहान करून, मुख्य चित्राच्या लयीत पुन्हा वाचावे लागते. त्यासाठी चित्राची संपूर्ण चौकट धारण करणारी स्मृती आवश्यक असते. क्वांटेल ह्या ब्रिटिश कंपनीने असे यंत्र तयार केले, आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात त्याच्या साहाय्याने ऑलिंपिक ज्योतीचे छोटे चित्र मुख्य चित्रात बसविण्यात आले.

ह्या दोन परंपरांतील भेद महत्त्वाचा आहे. एंगलबार्ट ह्यांची खिडकी काम करावयाची होती. माँट्रिऑलची खिडकी केवळ पाहावयाची होती. स्मार्टफोनमध्ये स्प्लिट स्क्रीन ही पहिलीची, तर पिक्चर-इन-पिक्चर ही दुसरीची वारस होय. म्हणूनच अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार चित्र कोपऱ्यात गेले की त्यावरील बहुतेक नियंत्रणे लपवावयाची असतात. ती खिडकी कामासाठी नसून नजर ठेवण्यासाठी असते.

३

खिडक्या कशा मांडाव्या ह्याविषयीचा मूळ वाद मेजावरील संगणकांच्या काळातच झाला. खिडक्या एकमेकींवर ठेवाव्या की शेजारी शेजारी फरशीसारख्या बसवाव्या, असे दोन पक्ष होते. आल्टोवर ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला पक्ष स्वीकारला. पडदा लहान असल्यास त्यावर कागद एकावर एक ठेवणेच सोयीचे, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. त्याच कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या स्टार ह्या संगणकात मात्र नेमका विरुद्ध निर्णय झाला. खिडक्या हव्या तशा ठेवण्याची मुभा दिली, तर लोक बराच वेळ त्या एकमेकींस झाकणार नाहीत अशा सरकविण्यात घालवितात, असे स्टारच्या रचनाकारांना आढळले होते. शिवाय स्टारचा पडदा १७ इंची असल्याने आच्छादनाची निकडही कमी होती.

ॲपलच्या मंडळींनी १९७९ साली पालो आल्टोच्या केंद्रास भेट दिली. तीत झाकलेल्या खिडकीचा उघडा भाग आपोआप पुन्हा रेखला जाताना पाहिला, अशी बिल ॲटकिन्सन ह्यांची समजूत झाली. वस्तुतः तेथील प्रणालीत तसे होत नव्हते. तथापि ते शक्य आहे ह्या विश्वासानेच ॲटकिन्सन ह्यांनी त्याची रीत शोधून काढली, आणि १९८३ च्या लिसा व १९८४ च्या मॅकिंटॉश ह्या संगणकांत ती आली. मायक्रोसॉफ्टच्या नोव्हेंबर १९८५ मधील पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या शेजारी शेजारी होत्या. डिसेंबर १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर आल्या. मार्च १९८८ मध्ये ॲपलने दाखल केलेल्या खटल्यात आच्छादित खिडक्या हा वादाच्या विषयांपैकी एक होता, आणि १९९४ साली अपील न्यायालयातही ॲपलची हार झाली. कागदावर कागद ठेवण्याच्या हक्कासाठी दोन कंपन्यांनी सहा वर्षे न्यायालयात घालविली, ह्यावरून मांडणीच्या प्रश्नाचे मोल कळून येते.

४

मेजावर आच्छादनाचा पक्ष विजयी झाला असता, फोनच्या पडद्यावरून खिडकीच हद्दपार झाली. त्याची कारणे पहिल्या आयफोनच्या मापांतच सापडतात. त्याचा पडदा ३.५ इंच, म्हणजे ३२० गुणिले ४८० बिंदूंचा होता. बोटाने अचूक स्पर्श करता यावा म्हणून बटणास किमान ४४ बिंदू जागा द्यावी, असे ॲपलचे मार्गदर्शन होते. पडदा उभ्या स्थितीत दुभागला, तर प्रत्येक भागास २४० बिंदू मिळतात. त्यांत जेमतेम पाच ओळी बसतात. त्यातच कळफलक २१६ बिंदू व्यापीत असे. अर्ध्या भागात तो उघडल्यास मजकुरासाठी २४ बिंदू उरले असते. देवनागरीसारख्या, वर वेलांट्या व खाली उकार असलेल्या लिपीची तर एक ओळही त्यांत सुखाने बसली नसती. आल्टोला जे साधले ते आयफोनला न साधण्याचे कारण येथे दिसते : आल्टोच्या पडद्यावर माउसचा सूक्ष्म बाण फिरत होता, आयफोनच्या पडद्यावर माणसाचे बोट.

तेव्हा २००७ चा निर्णय अकारण नव्हता. स्मृतीची चणचणही खोटी नव्हती. परंतु त्या मर्यादेतही निराळे विचार चालू होते. २००९ साली आलेल्या पाम प्री ह्या फोनवर उघडी ॲप्स पत्त्यांसारखी ओळीने दिसत, आणि नोकियाच्या एन-९०० वर सर्व उघड्या खिडक्यांच्या लघुप्रतिमा एकत्र पाहता येत. एका वेळी काम एकाच खिडकीत होई. पण दुसरी अस्तित्वात आहे हे वापरणाऱ्यास दिसत राही.

पडद्याचा आकार वाढताच परिस्थिती पालटली. सॅमसंगने २०१२ साली गॅलेक्सी एस-३ ह्या ४.८ इंची फोनमध्ये तरंगत्या चित्रफितीची सोय दिली, आणि त्याच वर्षी ५.५ इंची गॅलेक्सी नोट-२ मध्ये, निवडक ॲप्सपुरती का होईना, दुभागलेल्या पडद्याची. त्यानंतर दोन वर्षांनी आलेला आयफोन ६ प्लस हाही ५.५ इंचीच होता. पण त्याची स्मृती नोट-२ च्या २ गिगाबाइटच्या निम्मी होती, आणि दुसऱ्या ॲपची खिडकी त्यावर आली नाही. २०१५ साली ॲपलने आयपॅडवर पिक्चर-इन-पिक्चर आणले, तेव्हा दुभागलेला पडदा प्रथम २ गिगाबाइट स्मृतीच्या आयपॅड एअर-२ पुरताच ठेवला. येथवर सामर्थ्याचे कारण पटण्यासारखे आहे. परंतु २०२० साली आयफोनवर तरंगते चित्र आले, २०२३ च्या आयफोन १५ प्रो मध्ये स्मृती ८ गिगाबाइट झाली, आणि तरीही २०२५ च्या आवृत्तीपर्यंत आयफोनवर दोन ॲप्स शेजारी शेजारी उघडण्याची सोय दिली गेली नव्हती. बोटाचे व स्मृतीचे कारण विरले. व्यवस्था मात्र उरली.

५

गूगलच्या अँड्रॉइडमध्ये ही सोय एकेका उत्पादकाच्या हातून काढून मूळ प्रणालीत आणण्याचे काम ऑगस्ट २०१६ मध्ये, सातव्या आवृत्तीत झाले. पिक्चर-इन-पिक्चर त्या वेळी दूरचित्रवाणी संचांपुरतेच होते; फोनवर ते ऑगस्ट २०१७ च्या आठव्या आवृत्तीत आले. ह्या संक्रमणात एक सैद्धांतिक अडचण उद्भवली. एकच ॲप दिसणार हे गृहीत धरल्यामुळे 'दिसणारे' आणि 'चालू असलेले' ह्यांत फारसा भेद करण्याची गरज पूर्वी पडली नव्हती. आता दोन ॲप्स दिसू लागली. पण सातव्या आवृत्तीच्या नियमानुसार ज्यास शेवटचा स्पर्श झाला तेच पूर्णपणे चालू, व दुसरे 'थांबविलेले' मानले जाई. परिणामी काही ॲप्समधील चित्रफीत दिसत असूनही गोठत असे. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत दोन्ही ॲप्सना एकाच वेळी चालू मानण्याची तरतूद झाली.

मांडणीचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही येथेच स्पष्ट होतो. आपले ॲप आकार बदलू देईल की नाही हे सांगण्याची मुभा प्रारंभी ॲप तयार करणाऱ्यास होती. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत मोठ्या पडद्यांपुरता हा नकाराधिकार काढून घेण्यात आला. पिक्चर-इन-पिक्चरच्या बाबतीत ॲपने आपली संमती आधी जाहीर करावी लागते. वापरणारा ती सेटिंगमध्ये नाकारू शकतो, परंतु ॲपने न दिलेली सोय निर्माण करू शकत नाही. २०१८ साली क्रोम ब्राउझरमध्ये आलेल्या अशाच सोयीच्या वेब-प्रमाणात तर, संकेतस्थळास ती बंद ठेवता यावी म्हणून स्वतंत्र चिन्ह योजलेले आहे. तरंगती चौकट कोणत्या कोपऱ्यात ठेवावी हे वापरणारा ठरवितो; ती मुळात तरंगावी की नाही हे दुसरे कोणी ठरविते.

दिलेला अधिकारही केवळ वाट लपल्याने क्षीण होतो. सातव्या आवृत्तीत चौकोनी बटण दाबून धरले की पडदा दुभागत असे. २०१८ च्या नवव्या आवृत्तीत हावभावांची पद्धत आली, आणि तीच सोय अलीकडच्या ॲप्सच्या यादीतील चिन्हावर स्पर्श केल्यानंतर उघडणाऱ्या सूचीत गेली. सोय होती तेथेच होती. पण ती ठाऊक नसणाऱ्यास सापडण्याचा संभव उणावला.

६

ह्या विवेचनावरून दोन निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, फोनवरील दुसरी खिडकी हा नवा शोध नसून, १९७० व १९८० च्या दशकांतील वादाची अपुऱ्या जागेत झालेली पुनरावृत्ती आहे. तरंगते चित्र आल्टोच्या आच्छादनपक्षाकडे, तर दुभागलेला पडदा स्टारच्या फरशीपक्षाकडे झुकतो. दुसरा असा की, यंत्राच्या मर्यादेतून जन्मलेली व्यवस्था ती मर्यादा संपताच आपोआप संपत नाही. ती टिकवून धरणाऱ्याचा हितसंबंध अथवा सवय तिला पुढे नेते.

ह्या प्रश्नाचे गांभीर्य २०२० साली महाराष्ट्रातील महाविद्यालये बंद होऊन अध्यापन दूरस्थ झाले तेव्हा प्रत्ययास आले. ज्याच्या घरी संगणक होता, त्याने व्याख्यान एकीकडे व पुस्तक दुसरीकडे उघडले. ज्याच्या हाती केवळ फोन होता, त्यास पुस्तक उघडताच अध्यापकाचा फळा दिसेनासा होई. फळ्याकडे परतताच संहिता नाहीशी होई. त्याच्यापुरता दुसऱ्या खिडकीचा प्रश्न हा चैनीचा नव्हता. मूळ वचन आणि त्यावरील भाष्य एकत्र पाहता येणे ही अभ्यासाची पहिली अट होय, आणि बुश ह्यांनी १९४५ साली मेजावर दोन पडदे कल्पिले ते ह्याच कारणास्तव. ती अट एका तळहातावर पुरी करता येते हे आता सिद्ध झाले आहे; ती कोणाच्या अनुज्ञेने पुरी व्हावी, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.