बास्केटबॉल रिंग, घरगुती (यवतमाळ जिल्हा)

मुलांना घरच्या अंगणात, गच्चीवर किंवा वसाहतीच्या मोकळ्या जागेत सराव करता यावा म्हणून उभारलेली फळी, लोखंडी कडे, जाळी व खांब यांची जोडणी. या जिल्ह्यात रिंग निवडताना दुकानातल्या मालाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार ती कोणत्या मातीत उभी राहणार आणि उन्हाळ्याच्या अखेरच्या वादळात टिकणार का याचा करावा लागतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत पाया व वारा यांना झुकते माप दिले आहे.

पूर्वपीठिका : डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता, म्हणून कड्याची उंची १० फूट (३.०५ मी.) ठरली ती आजतागायत. ती मुलांचा विचार करून ठरलेली नाही, हे रिंग विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. फळी पुढे काही वर्षांनी आली. सज्जातले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवत, त्यांना आवरण्यासाठी.

भारतात हा खेळ वाय.एम.सी.ए.मार्फत रुजला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात मुंबईचा नागपाडा हे जुने केंद्र. भारताचे कर्णधार व १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुन्तसिर तिथलेच. विदर्भात नागपूर व अमरावती पुढे राहिले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) इथून शिकून गेलेले क्रीडाशिक्षक विदर्भभर आढळतात. यवतमाळ जिल्ह्यात कबड्डी, खो-खो व क्रिकेट यांच्या मानाने बास्केटबॉलचा पसारा लहान असून तो मुख्यत्वे शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर आहे. शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्ह्यातून निवडलेला संघ अमरावती विभागात खेळतो.

प्रमाणित मापे : कड्याचा आतील व्यास ४५ ते ४५.९ सेंमी.; सळईची जाडी १६ ते २० मिमी.; फळी १.८० × १.०५ मी.; फळी आणि कड्याची जवळची आतली कड यांत १५ सेंमी. अंतर, फ्री थ्रोची रेषा फळीपासून ४.६० मी. जाळीला १२ फासे. घरगुती रिंगेत फळी लहान चालते, कडे मात्र लहान नसावे. खेळण्याच्या दुकानात ३०-३५ सेंमी. व्यासाची कडी मिळतात. त्यांत खरा चेंडू जेमतेम जातो, आणि पोराला सवय लागते ती भलत्याच नेमाची.

उंची : या बाबतीत प्रशिक्षकांत एकमत नाही. एक पक्ष म्हणतो की, पुढे खेळायचे आहे ३.०५ मीटरवर, तर सुरुवातीपासून तेच असू द्या. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, सात-आठ वर्षांचे मूल त्या उंचीवर चेंडू पोचवण्यासाठी तो कमरेपासून भिरकावते, आणि हातात बसलेली ही खोड नंतर काढता काढता शिक्षक मेटाकुटीला येतो. दुसरा पक्ष अधिक पटण्याजोगा आहे. अमेरिकेत स्क्रॅन्टन येथे जे आर्चर यांनी १९५० मध्ये मुलांसाठी लहान आकाराचा खेळ सुरू केला. त्यातूनच १२ वर्षांपर्यंतच्या मुलांचे मिनी बास्केटबॉल रूढ झाले आणि त्यात कडे २.६० मीटरवर असते. एन.बी.ए. व अमेरिकेचा बास्केटबॉल महासंघ यांच्या मार्गदर्शनानुसार ७-८ वर्षांना ८ फूट, ९ ते ११ वर्षांना ९ फूट आणि त्यापुढे १० फूट. तात्पर्य, उंची बदलता येणारी रिंग घ्यावी. खांबाला ठरावीक अंतरावर भोके पाडून बोल्टने फळी वर-खाली करण्याची सोय कोणताही वेल्डर करून देतो. त्यासाठी महागडा स्प्रिंगचा सांगाडा लागत नाही.

चेंडू : १२ वर्षांपर्यंत ५ क्रमांकाचा (घेर सुमारे ६९ सेंमी., वजन अर्ध्या किलोच्या आत), नंतर मुलींना ६ आणि मुलांना ७ क्रमांकाचा. सिमेंटच्या अंगणात रबरी चेंडूच बरा. कातडी चेंडू आठवडाभरात खरवडतो.

पाया : जिल्ह्याची बहुतेक जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली. यवतमाळ शहराच्या पठारी भागात पुष्कळ ठिकाणी हात-दोन हात खणले की मुरूम लागतो. तिथे खांब रोवणे सोपे. वर्धा नदीकडील राळेगाव, मारेगाव, वणी आणि पैनगंगेकडील उमरखेड या बाजूंच्या सखल भागांत मात्र काळी माती खोल आहे. कपाशीला ती मानवते, खांबाला मुळीच नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. ओलाव्याचा हा चढउतार खोल काळ्या मातीत सुमारे साडेतीन मीटरपर्यंत पोचतो असे बांधकामशास्त्रात धरतात. घराच्या अंगणातल्या रिंगेसाठी कोणी इतके खोल जाणार नाही, जाऊही नये. परंतु नुसता दोन फुटी खड्डा खणून खांब उभा करायचा, वरून सिमेंट-गिट्टी ओतायची आणि मोकळे व्हायचे, ही प्रचलित पद्धत काळ्या मातीत दोन पावसाळ्यांत उघडी पडते. खांब एका अंशाने जरी कलला तरी तीन मीटर उंचीवर कडे पाच सेंमी. सरकते आणि फळी तिरपी होते.

त्यापेक्षा खड्डा साधारण एक मीटर खोल व ऐसपैस घ्यावा. तळाला आणि चारी बाजूंना वीतभर मुरूम पाणी मारून धुम्मस करावा आणि त्याच्या आत काँक्रीटचा ठोकळा घालावा, म्हणजे फुगणारी माती काँक्रीटला थेट रेटत नाही. ठोकळ्याचा माथा जमिनीच्या वर ठेवून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, पाणी मुरायला नको. खांब काँक्रीटमध्ये गाडू नये; चार बोल्ट बसवून त्यांवर पत्र्याची जाड बैठक नटांनी आवळावी. माती हललीच तर गवंड्याने ओळंबा लावून नटांखाली चकत्या सारल्या की खांब पुन्हा सरळ होतो. घर बदलले तर रिंग सोबत नेता येते, हा आणखी एक फायदा. खांबाला चार इंची पाइप पुरे. खांब व फळी यांत निदान ६० सेंमी. अंतर राहील असा आडवा हात हवा, नाहीतर धावत आलेले मूल सरळ खांबावर आदळते.

वारा : चाकांवरची, बैठकीत पाणी भरायची रिंग शहरात लोकप्रिय होत आहे, कारण तिला खणावे लागत नाही. तिचा हिशेब एकदा मांडून पाहावा. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात (आय.एस. ८७५, भाग ३) शेजारच्या नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मी. धरला आहे. त्याच्या निम्मा, म्हणजे ताशी सुमारे ८० किमी.चा झोत घेतला तरी ११० × ७५ सेंमी. फळीवर २४-२५ किलो वजनाइतका रेटा येतो. हा रेटा २.८ मी. उंचीवर लागतो, तर बैठकीतले १३० लिटर पाणी टेकूपासून जेमतेम अर्ध्या मीटरवरून त्याला तोलून धरते. दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत येतात, म्हणजे रिंग उलटण्याच्या बेतात असते. पूर्ण वेगाच्या झोतात रेटा चौपट होतो. मे महिन्यातल्या वादळी पावसाआधी अशी रिंग आडवी करून ठेवणे हाच उपाय. बैठकीत पाण्याऐवजी कोरडी वाळू भरल्यास वजन दीडपट होते. शिवाय शहराला पाणी पुरवणारी निळोणा व चापडोह ही धरणे आटली की काय होते ते यवतमाळकरांनी २०१८ मध्ये पाहिले आहे; रिंगेत पाणी कोंडून ठेवणे अशा गावात तसेही शोभत नाही.

गच्चीवर रिंग लावताना स्लॅबला भोक पाडू नये. गळतीला निमंत्रण मिळते. कठड्यापलीकडे रस्ता किंवा विजेच्या तारा असतील तर गच्चीचा विचारच सोडावा.

साहित्य व स्थानिक निर्मिती : तयार माल बहुतांशी मेरठ व जालंधरकडून येतो. फाटके व ग्रिल करणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतलेली रिंग बहुधा अधिक दणकट निघते, फक्त मापे कागदावर लिहून द्यावीत. १६ मिमी. सळईचे कडे करायला सुमारे दीड मीटर लांबी लागते. सळई गुळगुळीत गोल मागावी. बांधकामाची पिळाची सळई दुकानात पडलेली असते आणि वेल्डर तीच पुढे करतो, पण तिने जाळी फाटते, बोटे सोलवटतात. जाळीचे आकडे असे वळवावेत की आठ मिमी.हून मोठी फट राहणार नाही, कारण तशा फटीत बोट अडकते. सांधा कड्याच्या मागच्या बाजूला, फळीकडे यावा आणि कानशीने घासून सपाट करावा. तपासणीची सोपी रीत : ५ क्रमांकाचे दोन चेंडू शेजारी शेजारी धरून कड्यातून निसटते घालून पाहावेत, अडकले तर कडे लहान आहे किंवा गोल नाही.

फळीसाठी १८ मिमी. पाणीरोधक प्लाय उत्तम, मात्र कडा रंगाने बंद कराव्यात. ॲक्रिलिक दिसायला देखणे. उन्हाने ते पिवळे पडते की नाही हे प्रतीवर अवलंबून. जिल्ह्यात सागवानाची उणीव नाही म्हणून काही जण सागाच्या फळ्या जोडून घेतात, पण पारा ४५ अंशांपलीकडे गेल्यावर सांधे उघडतात आणि चेंडू वेडावाकडा उसळतो. जाळी नायलॉनची.

सुरक्षितता : कडे खाली केले की मुले त्याला लोंबकळणारच. स्पर्धेतील दाबाने वाकणारे कडे घरगुती रिंगेत नसते, तेव्हा फळीमागे लोखंडी चौकट द्यावी. उडी मारताना जाळीत दात अडकून इजा झाल्याच्या नोंदी दंतवैद्यकात आहेत. खांबाला फोम गुंडाळावा. उघड्या विहिरीच्या बाजूला रिंगेचे तोंड करू नये.

जागा : एका कड्यावर खेळायचा तीन-तीनचा प्रकार टोकियो ऑलिंपिकपासून (२०२१ मध्ये झालेल्या) पदकांत आल्याने एकच रिंग अपुरी समजण्याचे कारण उरलेले नाही. त्याचे मैदान १५ × ११ मी. असते. घरी ४.६० मीटरची रेषा आखण्याइतके अंगण पुरते.

किमती : फळीचे साहित्य, पाइपची जाडी व लोखंडाचा चालू भाव यांनुसार बदलतात.