‘फास्ट’ सोनोग्राफी : निदानातील चुका कशा टाळता येतात?

रस्त्यावरील अपघातात किंवा उंचावरून पडून जखमी झालेल्या व्यक्तीच्या अंगावर मोठी जखम दिसत नसली, तरी पोटात वा छातीत रक्तस्राव सुरू असू शकतो. तो काही मिनिटांत शोधण्यासाठी तातडीच्या विभागात खाटेजवळच केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीला ‘फास्ट’ म्हणतात. तिचा अर्थ चुकीचा लावला गेल्यास रक्तस्राव नजरेतून सुटतो किंवा रुग्णावर अनावश्यक शस्त्रक्रिया होते.

एकाच प्रश्नाचे उत्तर

या तपासणीच्या मूळ नावात केवळ उदराचा उल्लेख होता. बाल्टिमोर येथे १९९७ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने तिची व्याप्ती अधिक नेमकी केली. यकृत व उजवे मूत्रपिंड यांमधील फट, प्लीहेभोवतीची जागा, ओटीपोट आणि हृदयाभोवतीचे आवरण अशा चार जागा तीत पाहिल्या जातात. ‘ई-फास्ट’मध्ये छातीच्या दोन्ही बाजूंचीही भर पडते. पोटात मोकळा द्रव आहे किंवा नाही, एवढेच ही तपासणी सांगते. आतड्याची इजा किंवा पोटाच्या मागील भागातील रक्तस्राव तीत सहसा दिसत नाही.

गफलत कोठे होते?

पडद्यावर द्रव काळा दिसतो; पण प्रत्येक काळा भाग म्हणजे रक्त नव्हे. जठरातील पाणी, पित्ताशय, यकृताच्या विकारामुळे झालेले जलोदर, स्त्रियांच्या ओटीपोटात स्वाभाविकपणे असणारा थोडा द्रव यांमुळे फसगत होते. हृदय व मूत्रपिंड यांभोवतीची चरबीही द्रवासारखी भासू शकते. उलटपक्षी, गोठलेले रक्त करडे दिसते आणि शेजारच्या अवयवात मिसळून गेल्यासारखे वाटते.

डाव्या बाजूला रक्त अनेकदा प्लीहा व मूत्रपिंड यांच्या मध्ये नव्हे, तर प्लीहेच्या वर, श्वासपटलाखाली साठते. उजवीकडे यकृताचे खालचे टोक पाहायचे राहून गेले, तर थोडे रक्त हुकते. मूत्राशय रिकामे असल्यास ओटीपोट नीट दिसत नाही. म्हणूनच शक्य असेल तेव्हा लघवीची नळी घालण्यापूर्वी हा भाग पाहिला जातो.

छातीत फुफ्फुसाची सरकती हालचाल दिसली नाही, की फुफ्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका येते. मात्र श्वासनलिकेतील नळी एकाच बाजूच्या फुफ्फुसात गेली असली, तरी दुसऱ्या बाजूला हेच चित्र दिसते.

खबरदारी कोणती?

प्रत्येक जागा एका स्थिर चित्रावर न सोडता प्रोब फिरवून पूर्ण न्याहाळणे आणि शंकास्पद भाग दोन दिशांनी पाहणे, हा पहिला नियम. दुसरा नियम पुनर्तपासणीचा. सुरुवातीला रक्त थोडे असल्यास ते दिसत नाही. काही वेळाने साठल्यावर दिसू लागते. तिसरा नियम असा, की पडद्यावरील चित्र नाडी, रक्तदाब आणि रुग्णाची लक्षणे यांच्याशी ताडून पाहावे. रक्तदाब घसरत असताना पोटात मोकळा द्रव आढळल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय तातडीने घ्यावा लागतो. प्रकृती स्थिर असूनही इजेचा संशय असल्यास सीटी स्कॅन अधिक नेमकी माहिती देतो.

‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ हे ऐकून नातेवाइकांना हायसे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या घटकेला द्रव दिसला नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्यामुळे पोटदुखी वाढणे, घाम फुटणे, भोवळ येणे अशी लक्षणे दिसताच ती डॉक्टरांना तत्काळ सांगणे आवश्यक ठरते.