गाडी तापली? रेडिएटरचं झाकण उघडण्याआधी हे वाचा

मे महिन्यातली दुपार. कुंभार्ली घाटाची चढण, पुढे ट्रकची रांग, गाडीत पाच जण आणि एसी फुल. अचानक तापमानाचा लाल दिवा लागतो आणि बोनेटखालून वाफ यायला लागते. तुम्ही गाडी बाजूला घेता. दोन मिनिटांत कोणीतरी मदतीला येतो आणि म्हणतो, “पाणी संपलं असेल, झाकण उघडून ओता.”

इथेच थांबा. इंजिन बिघडलं तर पैसे जातात, पण गरम झाकण उघडलं तर चेहरा आणि डोळे भाजू शकतात. हे का होतं ते एकदा समजून घेतलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

झाकणाच्या आत काय चाललेलं असतं?

इंजिन तापतं, त्याची उष्णता कूलंट घेतो. वॉटर पंप तो कूलंट रेडिएटरकडे ढकलतो, तिथे हवेने तो थंड होतो आणि परत इंजिनकडे जातो. कूलंट म्हणजे साधारणपणे ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी रसायनं यांचं मिश्रण.

साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर १०७ अंशांच्या आसपास. पण ही सिस्टीम बंद असते, अगदी प्रेशर कुकरसारखी. झाकणातली स्प्रिंग आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे तेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही.

आता समजा आतला कूलंट ११५ अंशांवर आहे आणि तुम्ही झाकण उघडलं. दाब एका क्षणात गेला, म्हणजे उकळण्याचं तापमान पुन्हा १०७ वर आलं. कूलंट जागच्या जागी उकळतो. एक लिटर पाण्याची १६०० लिटरहून जास्त वाफ होते, त्यामुळे थोड्याच पाण्याची वाफ झाली तरी ती उरलेला उकळता कूलंट घेऊन कारंज्यासारखी बाहेर येते. शिटी न काढता कुकर उघडण्यातलाच हा प्रकार आहे.

प्लास्टिकची टाकी आहे म्हणून बिनधास्त राहू नका

टाक्या दोन प्रकारच्या असतात. काही गाड्यांमध्ये रेडिएटरवर धातूचं प्रेशर झाकण असतं आणि बाजूला साधी रिझर्व्ह टाकी असते. या टाकीत दाब नसतो. पण बऱ्याच नवीन गाड्यांमध्ये रेडिएटरवर झाकणच नसतं. जाड प्लास्टिकच्या टाकीचं आट्यांचं झाकण हेच प्रेशर झाकण असतं. ओळखायचं कसं? झाकणावर इशाऱ्याचं चिन्ह किंवा ०.९, १.१ असा दाबाचा आकडा असतो. शंका असेल तर दाब आहे असंच धरून चाला.

लिक्विड कूल्ड बाइकलाही हेच लागू आहे.

रस्त्यात गाडी तापली तर

१. एसी बंद करा. हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल ठेवा. उकडेल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर जाईल.
२. सुरक्षित जागी थांबा, हॅझर्ड लाइट लावा, इंजिन बंद करा. लाल दिवा लागलेला असताना “पुढच्या गावापर्यंत जाऊ” असं करू नका. हेड वाकलं किंवा हेड गॅस्केट गेलं तर खर्च खूप मोठा येतो.
३. वाफ दिसत असेल तर ती थांबेपर्यंत बोनेट उघडू नका.
४. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. चावी बंद असली तरी काही गाड्यांचा फॅन आपोआप सुरू होतो, त्यामुळे हात, ओढणी, सैल बाह्या लांब ठेवा.
५. टाकीतली पातळी बाहेरूनच बघा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकणावर जाड कापड ठेवा, तोंड बाजूला करा आणि थोडंसंच फिरवा. सूं आवाज आला तर तिथेच थांबा. दाब गेल्यावर पूर्ण उघडा.
६. कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर हळूहळू भरा. दोन्ही नसेल तर पिण्याचं पाणी चालेल, पण नंतर गॅरेजमध्ये ते काढून योग्य कूलंट भरून घ्या. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.
७. भरलेलं लगेच खाली गळत असेल तर गाडी चालवू नका, टो करा.

महिन्यातून पाच मिनिटं

- सकाळी, इंजिन थंड असताना पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का ते बघा. सारखी कमी होत असेल तर नुसतं भरत बसू नका, गळती शोधा.
- कूलंट रंगावरून घेऊ नका. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनीगणिक बदलतात. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकारच घ्या आणि वेगवेगळे प्रकार मिसळू नका.
- बाटलीवर ‘रेडी मिक्स’ आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’, हे वाचा. कॉन्सन्ट्रेटमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात.
- होज पाईप फुगलेत का, भेगा पडल्यात का, ते बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर किंवा सायलेन्सरमधून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर दिसला तर मेकॅनिककडे जा.
- सांडलेला कूलंट लगेच पुसा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरू शकतात. लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

मोबाईलवर तापमान दिसेल का?

दिसेल. काही गाड्यांमध्ये काटाच नसतो, फक्त दिवा असतो, आणि तो उशिरा लागतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये ब्लूटूथ डोंगल लावलं की ॲपवर कूलंटचं खरं तापमान दिसतं. गाडी हा आकडा एका बाइटमध्ये पाठवते. त्यातून ४० वजा केले की सेल्सिअस अंश मिळतात. तुमच्या गाडीचा रोजचा आकडा लक्षात ठेवा, म्हणजे घाटात तो वाढायला लागल्यावर वेळीच कळेल.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो. कूलंटच गळून गेला असेल तर सेन्सर नुसत्या हवेत राहतो आणि इंजिन जळत असताना ॲपवर आकडा कमी दिसू शकतो. म्हणून ॲपवर ९० दिसतंय म्हणून झाकण उघडायचं नाही.

भाजलंच तर

भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. अंगठी, घड्याळ लगेच काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका. डोळ्यात गेलं असेल तर पाण्याने धूत राहा आणि १०८ ला फोन करा.

घाटात कोणी झाकणाला हात घालताना दिसलं तर त्यालाही थांबवा. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.