‘ग्रोथ’ आणि ‘वुद्धि’ : एका शब्दाचा धम्मातील अर्थ

इंग्रजीतील ‘ग्रोथ’ हा शब्द आज जनगणनेच्या अहवालापासून अर्थशास्त्राच्या ग्रंथांपर्यंत सर्वत्र आढळतो. मुळात तो वनस्पतींच्या वाढीशी निगडित आहे. ‘ग्रास’ म्हणजे गवत आणि ‘ग्रीन’ म्हणजे हिरवे, हे शब्द त्याच कुळातील होत. पालीत या अर्थी ‘वुद्धि’ व ‘वड्ढि’ ही रूपे येतात. संस्कृत ‘वृध्’ धातूशी त्यांचे नाते असून आपल्या मराठीतील ‘वाढ’ही त्याच मुळाची आहे. ‘वड्ढि’चा एक अर्थ धनावरील व्याज असाही आहे. व्यवहारातील हा साधा शब्द त्रिपिटकात कोणकोणत्या अर्थांनी योजिला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी आढळतो. मगधराज अजातसत्तूस वज्जींचे गणराज्य नष्ट करावयाचे होते. त्याने आपला महामात्य वस्सकार ब्राह्मण यास राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठविले. तथागतांनी त्यास थेट उत्तर न देता आनंदास सात गोष्टी विचारल्या. वज्जी वारंवार व बहुसंख्येने एकत्र जमतात काय? एकदिलाने बसतात, उठतात व कामे करतात काय? प्रस्थापित वज्जिधर्मानुसार वागतात काय? वृद्धांचा मान राखतात काय? कुलस्त्रिया व कुमारिका यांच्यावर बळजबरी करणे टाळतात काय? चैत्यांचा आदर करतात काय? अर्हतांच्या रक्षणाची व्यवस्था ठेवतात काय? ही सात अंगे टिकून आहेत तोवर वज्जींची वुद्धि होत राहील, त्यांस परिहानि नाही, असा तथागतांचा अभिप्राय होता.

टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेच्या अकराव्या खंडात या सुत्ताचा अनुवाद करताना ‘प्रॉस्पर’ हे क्रियापद वापरले. पुढे भगिनी वजिरा आणि फ्रान्सिस स्टोरी यांच्या १९६४ च्या अनुवादात ‘ग्रोथ’ हा शब्द आला. ‘प्रॉस्पर’ म्हटले की वाचकाच्या मनात धनसंपत्ती उभी राहते. परंतु वरील सात अंगांत भूमी, कोष वा सैन्य यांपैकी एकही नाही. म्हणून ‘ग्रोथ’ हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो. मात्र तोही संख्येच्या अर्थाने घेतला की मूळ आशय निसटतो.

वस्सकाराला तो आशय अचूक कळला होता. वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही, फूस लावून वा परस्परांत भेद पाडूनच जिंकता येईल, हे त्याने तेथेच ओळखले. त्याने तीन वर्षांत लिच्छवींमध्ये फूट कशी पाडली, हे अट्ठकथेत सविस्तर सांगितले आहे. परिहानीचा आरंभ सीमेवर झाला नाही, तो सभेत झाला. वस्सकार परतल्यावर तथागतांनी भिक्षुसंघास एकत्र करून संघासाठीही सात अपरिहानीय धम्म सांगितले, ते याच कारणाने.

याच अजातसत्तूच्या संदर्भात हा शब्द सामञ्ञफल सुत्तात वेगळ्या अर्थाने येतो. पित्याच्या वधाची त्याने कबुली दिली, तेव्हा आपला अपराध अपराध म्हणून ओळखणे, त्याचे यथाधम्म परिमार्जन करणे आणि पुढे संयम पाळणे हीच आर्यविनयातील वुद्धि होय, असे तथागतांनी सांगितले. येथे वाढ म्हणजे आत्मपरीक्षण.

परंतु प्रत्येक वाढ इष्टच असते असे नाही. संयुत्तनिकायातील बीज सुत्तात माती व पाणी मिळालेले बीज जसे वाढते, तसे आसक्तीचे पाणी मिळालेले विज्ञानही वाढते असे सांगितले आहे. तेथेही शब्द वुद्धि हाच आहे. धम्मपदाच्या जरावग्गातील बैलाच्या उपमेत देहाची वाढ व प्रज्ञेची वाढ यांसाठी एकच क्रियापद योजून त्यांतील विरोध दाखविला आहे. अंगुत्तरनिकायात आर्यश्रावकाची वड्ढि पाच अंगांनी मोजली आहे : श्रद्धा, शील, श्रुत, त्याग व प्रज्ञा. त्यालगतचे सुत्त हीच पाच अंगे आर्यश्राविकेसाठी सांगते. स्त्री व पुरुष यांना तेथे माप एकच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत प्राचीन गणराज्यांचे स्मरण करून दिले. बैठकव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे संसदीय नियम भिक्षुसंघास ज्ञात होते, हेही त्यांनी सांगितले. लोकशाही येथे एकदा होती व ती हरपली, ती पुन्हा हरपेल काय, ही त्यांची चिंता होती. ती चिंता परिहानीचीच होय.

भारतातील बौद्धांची संख्या २००१ मध्ये सुमारे ७९.५५ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे ८४.४३ लाख झाली. या दशकातील वाढ ६.१ टक्के, तर देशाच्या लोकसंख्येची १७.७ टक्के होती. या आकड्यांची चिकित्सा अवश्य व्हावी. संख्येला लोकशाहीत महत्त्व आहे. तथापि जनगणनेची ‘ग्रोथ’ आणि सुत्तांतील ‘वुद्धि’ एक नव्हेत. आपण वर्षातून कितीदा एकत्र जमलो, सभेतून एकदिलाने उठलो काय, आपल्या विहारात स्त्रिया निर्भयपणे बोलतात काय, हे प्रश्न कोणताही प्रगणक विचारणार नाही. ते प्रत्येक विहाराच्या उपासक-उपासिकांनी स्वतःलाच विचारावयाचे आहेत.