जॅझच्या तबकड्या आणि वादकांच्या जन्मतारखा

लुई आर्मस्ट्राँग हा थोर ट्रंपेटवादक आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० अशी सांगत असे. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आणि १९०० हा तर शतकाच्या उंबरठ्यावरचा आकडा. इतकी सोयीची तारीख ऐकून कोणासही शंका यावयास हवी होती. परंतु १९७१ साली त्याचे निधन झाले तोवर जग ती खरीच मानीत आले. आणि नवल असे की, जॅझचा इतिहास ज्यांनी प्रथम लिहिला ती मंडळी तारखांच्या बाबतीत विलक्षण काटेकोर होती. ती मंडळी म्हणजे जुन्या तबकड्यांचे संग्राहक.

अमेरिकेत १९२७ साली दहा कोटींच्या आसपास तबकड्या खपल्या होत्या. मंदीच्या लाटेत, १९३२ साली, हा खप साठ लाखांवर आला. अनेक कंपन्या बुडाल्या आणि कृष्णवर्णीय वादकांच्या तबकड्या बाजारातून नाहीशा झाल्या. तेव्हा काही तरुण जुन्या बाजारात आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दारोदार हिंडून त्या गोळा करू लागले. लेबलावर वादकांची नावे बहुधा नसत. मग लेबलाच्या कडेला कोरलेला बारीक क्रमांक भिंगाखाली वाचावयाचा, त्यावरून मुद्रणाचा दिवस ठरवावयाचा आणि केवळ कानाच्या भरवशावर वादक ओळखावयाचा, असा हा उद्योग होता. पॅरिसच्या शार्ल दलोने याने १९३६ साली अशा तबकड्यांची ‘हॉट डिस्कोग्राफी’ ही सूचीच प्रसिद्ध केली. या वेडाला हसणे सोपे आहे. पण १९४२ साली, युद्धामुळे हिंदुस्थानातून जाणाऱ्या लाखेचा तुटवडा पडला आणि जुन्या तबकड्या वितळविण्यासाठी मागविल्या जाऊ लागल्या. तेव्हा या वेड्यांच्या कपाटांत जे होते ते तरी वाचले.

तबकडीचा दिवस अचूक सांगणाऱ्या या मंडळींनी माणसाचा जन्मदिवस मात्र त्याच्या शब्दावर मान्य केला. लुइझियानातील न्यू आयबेरिया गावी त्यांना बंक जॉन्सन सापडला. दात पडलेले, ट्रंपेट गेलेले. संग्राहकांनी पैसे जमवून त्याला कवळी आणि वाद्य मिळवून दिले, आणि १९४२ साली त्याचे वादन प्रथमच मुद्रित झाले. आपण १८७९ साली जन्मलो आणि जॅझचा आद्य पुरुष बडी बोल्डन याच्या साथीस होतो, असे तो सांगे. बोल्डनची एकही तबकडी उपलब्ध नाही आणि १९०७ साली त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. साक्ष काढावयाची तरी कोणाची? पुढील संशोधनाने बंकचा जन्म १८८९ च्या सुमारास नेऊन ठेवला. म्हणजे बोल्डनच्या ऐन भराच्या काळात हा शाळकरी वयाचा पोर होता.

जेली रोल मॉर्टन याची गोष्टही याच जातीची. १९३८ साली एका नभोवाणी-कार्यक्रमात डब्ल्यू. सी. हँडी यास जॅझचा जनक म्हटल्यावर तो संतापला आणि १९०२ साली जॅझ आपणच निर्माण केले, असे त्याने जाहीर केले. बाप्तिस्म्याची नोंद त्याचा जन्म १८९० चा दाखविते. म्हणजे ही निर्मिती बाराव्या वर्षीची!

याला निव्वळ बढाई म्हणून सोडून देणे न्यायाचे होणार नाही. जॅझची म्हणून ओळखली जाणारी पहिली तबकडी फेब्रुवारी १९१७ मध्ये पाच गोऱ्या वादकांच्या संचाने मुद्रित केली. ज्यांच्या वस्तीत हे संगीत वाढले, त्यांच्या हाती त्याआधीची तबकडी नव्हती. होते फक्त स्वतःचे वय. अग्रहक्क सांगावयाचा तर त्याच वयात दहा-पाच वर्षांची भर घालणे एवढाच मार्ग उरत होता.

आर्मस्ट्राँगला तशी गरज नव्हती. बहुधा त्याला स्वतःलाच खरी तारीख ठाऊक नसावी. ती १९८० नंतरच्या दशकात न्यू ऑर्लीन्सच्या एका कॅथलिक चर्चच्या वहीत टॅड जोन्स या संशोधकास सापडली: जन्म ४ ऑगस्ट १९०१, बाप्तिस्मा २५ ऑगस्ट. त्या नोंदीत पाद्र्याने लॅटिन भाषेत बालकाचा वर्ण आणि त्याचे अनौरसपण हेही न विसरता टिपले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील नभोवाणी केंद्राने मात्र यावर वेगळीच तोड काढली. तेथे ४ जुलै आणि ४ ऑगस्ट या दोन्ही दिवशी अहोरात्र आर्मस्ट्राँगच्याच तबकड्या वाजविण्याची प्रथा पडली.