सुटकेनंतरची संध्याकाळ

ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग मुळात तुरुंग म्हणून बांधलेलाच नाही. १७३०च्या सुमारास पोर्तुगिजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. १७३७मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, १७७४मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. १८१६मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. १९१०मध्ये अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. ठाणेकरांना हा इतिहास तोंडपाठ असतो. त्यात बाई कुठेच येत नाही.

आज ठाण्यात आणि कल्याणच्या आधारवाडी तुरुंगातही महिला बंद्यांचा वेगळा विभाग आहे. पुरुषांच्या भल्यामोठ्या तुरुंगातला एक कोपरा. २०२२च्या अखेरीस देशभरातल्या ५,७३,२२० कैद्यांत स्त्रिया होत्या २३,७७२. शेकडा चार. संख्या इतकी कमी, म्हणून त्यांचा विचारही शेवटी.

तरी महाराष्ट्रात हा विचार जुना आहे. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक केली तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलं. पुढच्या पिढीत रमाबाई रानडे पुण्यात तुरुंगातल्या बायकांना नेमाने भेटायला जात. या सगळ्यात कळकळ होती, पण बाई बाहेर पडल्यावर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

खरं वळण आलं ते एका पत्राने. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं पाचजणींनी सांगितलं. बारसे यांनी ते सर्वोच्च न्यायालयाला लिहून कळवलं. न्यायालयाने चौकशीसाठी पोलीस अधिकारी नाही, तर निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या आरमायटी देसाई यांना तुरुंगात पाठवलं. १९८३च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि महिला पोलिसांचा पहारा असावा, असं ठरलं. समाजकार्यकर्तीच्या शब्दाला देशाच्या न्यायालयात वजन मिळालं, हे त्या निकालाचं मोठेपण. याच देसाई पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या आणि त्यांच्याच काळात, १९९०मध्ये, प्रा. सनोबर सहानी यांनी संस्थेत ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला. मुंबईत रुजलेलं हे काम पुढे ठाणे आणि कल्याणच्या तुरुंगांपर्यंत आलं.

काम कसलं, ते सुटकेच्या दिवशी कळतं. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, त्याचं रेशनकार्ड लागतं, पगाराची पावती किंवा ऐपतीचा दाखला लागतो. घरकाम करणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या बाईसाठी कोण उभं राहणार? मग आदेश हातात असूनही ती आतच. वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडावं म्हणून वकिलाकरवी अर्ज करायचा, हे ‘प्रयास’च्या कार्यकर्तीचं पहिलं काम. कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पण हे तिला आत जाऊन कुणीतरी सांगावं लागतं.

सगळे कागद तुरुंगात पोचून दार उघडेपर्यंत बहुतेकदा दिवेलागण होते. बाई ठाण्याच्या तुरुंगाजवळच्या कोर्टनाक्याच्या गर्दीत उभी राहते. हातात कपड्यांची पिशवी, जमा केलेले थोडे पैसे. मोबाइल मुद्देमालात अडकलेला, तोंडपाठ नंबर एखाददुसरा, आणि तो लावला तर पलीकडून उत्तर येईलच असं नाही. पुरुष सुटला की घरचे घ्यायला येतात. बाईला घेऊन जाणं अनेक घरांना नामुष्की वाटते. त्या रात्री कुणीतरी सोबत असणं आणि निवाऱ्याची जागा आधीच बोलून ठेवलेली असणं, यावर तिचं पुढचं सगळं अवलंबून राहतं. घरचा आधार नसलेल्या, तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांना केंद्र सरकारच्या ‘स्वाधार’ योजनेत जागा धरलेली होती. ते काम आता ‘शक्ती सदन’ या नावाने चालतं.

नोकरीची वाट ‘प्रयास’ने वेगळी काढली. सुटलेल्या बाईला थेट बाजारात न ढकलता एखाद्या सामाजिक संस्थेत प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवायचं आणि दरमहा विद्यावेतन द्यायचं. वेळेवर येणं, हिशेब ठेवणं, माणसांत बोलणं यांची घडी तिथे पुन्हा बसते. शिवणकामाचं मशीन देऊन मोकळं होण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे.

मुलांचा प्रश्न सगळ्यांत अवघड. २००६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ तुरुंगात राहू शकतं. नंतर नातेवाईक, नाहीतर बालगृह. बालगृहातलं मूल परत हवं असेल तर आईला बालकल्याण समितीपुढे राहण्याची जागा आणि कमाई दाखवावी लागते. म्हणून ती दिव्याला किंवा डोंबिवलीच्या टोकाला चाळीतली खोली शोधत फिरते. घरमालक डिपॉझिट मागतो, आधारकार्ड मागतो, नवऱ्याचं नाव विचारतो. खोली मिळाली की भाडेकराराची झेरॉक्स पिशवीत घालून ती समितीच्या तारखेला जाते. कार्यकर्ती शेजारच्या बाकावर बसलेली असते, आणि दोघींचे डोळे बालगृहाच्या ताई मुलाला घेऊन येतील त्या दाराकडे.